ताब्यातलं मरण

सर्वपित्री अमावास्येला आमच्या बदलापूरच्या घरी एक पान जास्तीचं वाढलं जातं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले आणि तिकडेच राहिले. ते गेल्याची तिथी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून अमावास्या. गेल्या वर्षी अंबरनाथचा पुतण्या म्हणाला, "काका, ते लढाईत गेले ना? मग त्यांचं चतुर्दशीला घालायला हवं. शस्त्राने गेलेल्यांचं चतुर्दशीला असतं." त्याने हे मनापासून विचारलं होतं. त्याच्या मंडळाने परिसरातल्या 'वीर पूर्वजां'चा फलक लावायचं ठरवलं होतं आणि त्यासाठीचा छापील तक्ता तो सोबत घेऊन आला होता. रकाने तीन : नाव, पलटण, युद्धभूमी. मी म्हटलं, चतुर्दशी नको. ते शस्त्राने गेले नाहीत, कैदेत गेले.

त्याचा चेहरा पडला. जणू मी थोरल्या आजोबांची एक पायरी खाली उतरवली होती. कैदेत मेलेला माणूस रणात मेलेल्यापेक्षा कमी, असं त्याला कुणी शिकवलेलं नाही. आपल्या भाषेनेच ते शिकवलंय. रणात मेलेल्यासाठी आपल्याकडे वीरमरण, वीरगती, हुतात्मा असे शब्दांचे ढीग आहेत. कैदेत मेलेल्यासाठी एकही नाही.

पूर्वजांच्या पलटणी शोधायची सध्या लाट आहे आणि ती यायलाच हवी होती. तिच्याभोवतीचा वाद मात्र फार उथळ आहे. इंग्रजांसाठी लढलेले हे लोक भाडोत्री होते की वीर, एवढाच प्रश्न उलटसुलट विचारला जातो. भाडोत्री म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एका वाक्याचं आहे : दुष्काळी तालुक्यातून आणि कोकणातल्या वीतभर जमिनीवरून पोटासाठी पलटणीत गेलेल्या पोराकडून स्वातंत्र्याचा जमाखर्च मागायचा अधिकार आपल्याला नाही. पण वीरमरण म्हणणाऱ्यांना इतक्यात सोडता येत नाही. कारण ते आपलेच आहेत, प्रेमाने बोलतात, आणि त्या प्रेमाच्या भरात शोधाची दिशाच चुकवतात.

थोरले आजोबा कैदेत गेले ते मेसोपोटेमियात तुर्कांनी कुतला घातलेल्या वेढ्यानंतर. त्या वेढ्याची हकीकत इथे विस्ताराने सांगत नाही. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे जवळपास पाच महिने जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तिग्रिसच्या वळणावर कोंडली गेली. सुटकेसाठी आलेल्या फौजेचे हजारो लोक पडले, तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करून झाले, आणि अखेर शरणागती. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. आमचे थोरले आजोबा ११७ मध्ये. त्यांचं एक चांदीचं पदक तेवढं घरात आहे. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपाई नंबर, नाव आणि पलटण कोरलेली आहे. नावाचं स्पेलिंग असं की घरच्या माणसालाही ते भिंगातून तीनदा वाचावं लागतं. आडनाव नाही. वाईट दिवसांतही ते पदक कुणी सराफाकडे मोडलं नाही, एवढाच आमचा दफ्तरखाना.

थोरल्या आजीला मी लहानपणी पाहिलंय. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागल्यावर ती गावाहून आमच्याकडे आली होती. नवऱ्याबद्दल ती कधी 'वारले' म्हणाली नाही. 'पडले' असंही नाही. ती म्हणायची, "ते तिकडे अडकले." लढाई संपल्यावर सरकारी कागद येईपर्यंत ती कुंकू लावत होती, आणि कागद आल्यावरही तिचं क्रियापद बदललं नाही. आम्ही ते अडाणी बाईचं भाबडेपण समजलो. आज वाटतं, त्या मरणाचं सगळ्यात अचूक वर्णन घरात तिनेच केलं होतं.

आता वीरमरणाच्या बाजूचे मुद्दे घेतो. ते मी अनेकांकडून ऐकलेत आणि तिन्हींत काही तथ्य आहे, हे मान्य करून पुढे जातो.

पहिला मुद्दा असा, की कैद हीसुद्धा लढाईचाच पुढचा भाग. तिथे मेलेला शिपाई रणातच मेला असं समजावं. ऐकायला हे उदार वाटतं. पण १८९९ आणि १९०७ च्या हेग नियमांत याच्या नेमकं उलट लिहिलंय. युद्धकैदी पकडणाऱ्या सैनिकाच्या किंवा तुकडीच्या ताब्यात नसतो, शत्रूच्या सरकारच्या ताब्यात असतो. त्याला माणुसकीने वागवायचं, आणि अन्न, निवारा, कपडे आपल्या सैनिकांच्या बरोबरीने द्यायचे. प्रत्येक कैद्याचं स्वतंत्र पत्रक ठेवायचं. म्हणजे हत्यार खाली ठेवल्याच्या क्षणी शिपायाचं लढणं संपतं आणि दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी सुरू होते. कैदेला लढाईचाच भाग म्हटलं की ती जबाबदारी पुसली जाते. लढाईत मारलं म्हणून कुणी कुणाला जाब विचारत नाही. ताब्यातला माणूस उपाशी मेला तर विचारावाच लागतो. आपल्याकडे पोलीस कोठडीत माणूस दगावला तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. तिथे तो किती धैर्याने मेला असं कुणी विचारत नाही. तो कुणाच्या ताब्यात होता, त्याला काय खायला दिलं होतं, डॉक्टर कधी आला, असंच विचारतात.

दुसरा मुद्दा सन्मानाचा. वीर म्हटल्याने निदान त्याची आठवण तरी राहते, म्हणतात. राहते का? आपल्याकडे गावोगाव पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही हाच भेद : हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांची फक्त संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केलं की हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झालं नाही, आणि किमान एक लाख सोळा हजार, कदाचित त्याहून कितीतरी अधिक, नावानिशी किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत. गौरवाच्या शब्दांना त्या शिळांवर तोटा नव्हता. म्हणजे गौरव आणि नाव एकत्र येतातच असं नाही. उलट गौरवाने नावाची जागा घेतलेली दिसते. आणि ते 'प्राण दिले' पाहा. द्यायला काहीतरी हातात असावं लागतं. कुतहून कैदेत नेलं जाताना सामऱ्याच्या पुढे, मोसुलच्या वाटेवर हगवणीने कोसळलेल्या माणसाच्या हातात काय उरलं होतं? त्याने दिले नाहीत. त्याचे गेले.

तिसरा मुद्दा म्हणजे घरच्यांचं सांत्वन. याच्याशी वाद घालताना माझाही आवाज खाली येतो. पण थोरल्या आजीला सांत्वन कशाने मिळालं असतं? वीर म्हटल्याने नव्हे. तारखेने मिळालं असतं.

कैदेतलं मरण शौर्यावर नव्हे, ताब्यावर ठरतं, याच्या पुष्ट्यर्थ एकच तुलना करतो, कारण मला ती निर्णायक वाटते. कुतमध्ये शरण गेलेल्यांपैकी ब्रिटिश शिपाई कैदेत शेकडा सत्तरच्या आसपास मेले. हिंदी शिपायांपैकी तेराशेच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. आणखी कितीतरी जणांचा मागच लागला नाही आणि ते मेले असं मानण्यात आलं. याच काळात टाउनशेंड कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहत होता. पुढे २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं, तेव्हा पुन्हा एक अख्खी मराठा पलटण, पाचव्या मराठ्यांची दुसरी, कैद झाली. ते कैदी युरोपात गेले. तिथे रेडक्रॉसची यंत्रणा पोचत होती, आणि इंडियन कम्फर्ट्स फंडाच्या खोक्यांतून आटा, डाळ, तूप जात होतं. त्यांतले बहुतेक जगले. त्याच साली सिंगापूरला शरण गेलेल्या हिंदी सैनिकांपैकी काही हजारांना जपान्यांनी न्यू गिनीकडे मजुरीला नेलं. त्यांतले फार थोडे परतले. शरणागती तिन्हीकडे सारखीच, आणि शिपाईही तेच, गावांतून भरती झालेले. शौर्य कमीजास्त होतं म्हणून कुणी जगलं-मेलं नाही. ताबा घेणारा बदलला, म्हणून आकडे बदलले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. तुर्की शिपाईही त्या वर्षी उपाशी होता. 'आपल्या सैनिकांच्या बरोबरीने' या शब्दांत तुर्कांचा बचावही आहे. आणि कुतमध्ये आमची माणसं आधीच खंगली होती. घोड्याचं मांस धर्मापायी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत नाकारलं, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या होत्या. मला तुर्कस्तानवर खटला भरायचा नाही. कागद कुठले शोधायचे, एवढंच ठरवायचं आहे. वीर शोधणारा पलटणीची रोजनिशी आणि शौर्यपदकांच्या याद्या चाळतो. तिथे कैद्याची गोष्ट शरणागतीच्या तारखेला संपते. ताब्यातलं मरण शोधणाऱ्याला इस्पितळांच्या वह्या, शिध्याचे हिशोब, रेडक्रॉसची कार्डं, विधवेच्या पेन्शनचे कागद पाहावे लागतात. युद्धस्मारक आयोगाच्या यादीत कित्येक शिपायांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका लिहिलेला आढळतो. घरचा माणूस ओळखू येतो तो तिथे, पदकाच्या कडेवर नाही.

शिध्याच्या वहीचं मोल मला उल्हासनगरात कळलं. मी पंचवीस वर्षं तिथे शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी उभारलेली ही लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून तिचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर, बॅरेक नंबर, रूम नंबर असाच सांगतात. कॅम्प चारमधल्या माझ्या एका सहकाऱ्याने एकदा आजोबांच्या शिध्याचा कागद दाखवला : कुटुंबप्रमुखाचं नाव, सोबत किती माणसं, कुठल्या गावचे. घडीवर फाटलेला, पण वाचता येत होता. अपमानाचे दिवस होते ते, असं त्याच्या घरचे सांगत. तरी ज्या हाताने शिधा दिला त्याने नाव लिहिलं होतं. छावणी माणसाला जगवते तेव्हा त्याचं नाव कागदावर राहतं. रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलेल्या आमच्या माणसांच्या छावणीचा असा कागद माझ्या हाती आलेला नाही.

त्याच रास-अल-ऐनला कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली लष्करी डॉक्टर १९१७ साली कैदेत वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, ऐंशीच्या आसपास वय असताना, नातवाची पत्रं घालून त्यांचं चरित्र लिहिलं. 'कल्याण-प्रदीप' १९२८ साली निघालं. त्याच छावण्यांतून जिवंत परतलेल्या शिशिर सर्वाधिकारींचं 'अभि ले बगदाद' १९५७ चं. हे बंगालीत घडलं, कारण तिथे गेलेल्यांत लिहिणारे होते. आमच्याकडून गेलेले बहुतेक अंगठा उठवणारे होते. म्हणून आमच्याकडे पुस्तकाऐवजी एक क्रियापद उरलं.

आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून बाजूला सारता येत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव तिथल्या वृत्तपत्रात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या बॅडमिंटनपटू, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी उभं आयुष्य या शोधात घातलं. १९७१ च्या अशा ५४ बेपत्तांच्या नातलगांपैकी काही जण २००७ मध्ये पाकिस्तानचे तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही. अशी माणसं आमच्याकडे नाहीतच, हे पाकिस्तानचं उत्तर कायम आहे. या बाईंना कुणी वीरपत्नी म्हटलं की सभेत टाळ्या पडतात. त्या मात्र पहिल्या दिवसापासून एकच विचारतायत : कुणाच्या ताब्यात?

चतुर्दशी आणि अमावास्या यांत आपल्या पूर्वजांनी भेद केला तो उगाच नाही. चतुर्दशीला मरणाचं कारण माहीत असतं. अमावास्येला काहीतरी कळायचं राहिलेलं असतं. थोरल्या आजोबांना चतुर्दशीला नेलं की ते राहिलेलं झालं असं होईल, आणि ते झालेलं नाही. ज्या दिवशी एखाद्या वहीत त्यांच्या नावापुढे तारीख सापडेल, त्या दिवशी पंचांग काढून आम्ही तिथी लावू. तोवर पान अमावास्येलाच.

हे मी पुतण्याला सांगितलं. त्याने खूप वेळ काही म्हटलं नाही. मग तो गच्चीवर आला. वडे, खीर, अळूची भाजी वाढलेलं पान कठड्यावर ठेवलं. नदीच्या बाजूने कावळे यायला जरा वेळ लागला. खाली उतरल्यावर त्याने पिशवीतून तो तक्ता काढला, पट्टी मागितली, आणि युद्धभूमीच्या पुढे जागा उरली होती तिथे पेनाने आणखी एक रकाना आखला. वर काय लिहायचं, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं. 'कुणाच्या ताब्यात' हे शब्द त्या अरुंद रकान्यात मावेनात, म्हणून त्याने ते उभे लिहिले.