सरड्यास योग्य पिंजरा कोणता?

तलासरीच्या वाटेवरील एका कुंपणावर सांपडलेला घोयरा सरडा माझ्या भाच्यानें बुटांच्या खोक्यांतून डहाणूस आणला आणि ‘मामा, ह्याच्यासाठीं चांगला पिंजरा कोणता?’ असा प्रश्न केला. प्रश्नांत दया होती. म्हणूनच उत्तर देणें मला जड गेलें.

पिंजऱ्याचेंही एक शास्त्र आहे. कांचेच्या पेटींत हवा कोंडते. ह्या प्राण्यास चोहों बाजूंनीं जाळी असलेली, रुंदीपेक्षां उंचीला अधिक अशी जागा लागते. त्याच्या पायांचीं बोटें दोन व तीन अशा जुडग्यांनीं चिमट्यासारखीं जोडलेलीं असल्यामुळें पकडीजोग्या फांद्या हव्यात. वाटींतलें साचलेलें पाणी तो सहसा पीत नाहीं. पानांवरचे थेंब चाटतो. एका फांदीवर ऊन व दुसरीवर सावली हवी, म्हणजे आपली ऊब त्यास आपणच निवडतां येते. शेजारीं दुसरा सरडा नसावा. भाचा हें सारें लिहून घेत होता. यादी वाढूं लागली तसतसें माझ्या ध्यानांत आलें कीं, आम्ही मोठ्या खटपटीनें एक झाडच बनवीत आहों, आणि तेंही अपुरें. दारांत चिकूचें झाड उभें होतें!

परंतु भाच्यास खरी ओढ रंगांची होती. सरडा पाठीमागच्या वस्तूचा रंग घेतो, ही लोकसमजूत. पुढाऱ्यांस त्याची उपमा देऊन आपण त्या बिचाऱ्यावर अन्यायच करतों. त्याचे रंग पालटतात ते मुख्यतः ऊब, भय व क्रोध यांमुळें. खोकें उघडतांच तो काळवंडला, अंग फुगवून फुसकारूं लागला, आणि मुलांनीं टाळ्या पिटल्या. ज्या रंगानें त्यांची करमणूक झाली, तो त्याच्या भीतीचा रंग होता. हें सांगितल्यावर भाचा गप्प झाला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा प्राणी घरीं पाळतां येत नाहीं, हें मीं मुद्दामच शेवटीं सांगितलें. धाकानें सोडला काय आणि समजून सोडला काय, सरड्यास सारखेंच. मुलास मात्र सारखें नव्हे.

‘मग इथें कांसवांना हौदांत कां ठेवतात?’ त्याची शंका रास्त होती. जखमी समुद्री कांसवांवर उपचार करून त्यांना परत सोडण्याचें काम डहाणूस वन विभाग व स्वयंसेवक करीत आले आहेत. तो हौद कांसव बरें होईपर्यंतचा असतो, एवढेंच मीं म्हणालों. आमचा सरडा तर धडधाकट होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्याच कुंपणाशीं गेलों. फांदी धरून तो डुलत डुलत वर सरकला. काळेपणा हळूहळू ओसरूं लागला.

‘मामा, तो आपल्याकडे बघतोय का?’

एक डोळा आमच्याकडे होता. दुसरा पुढची फांदी शोधीत होता.