डोळसांच्या डोळ्यांचे सार्थक

वैनगंगातीरीच्या मायबाप भाविकांनो, भंडाऱ्याहून पंढरी लांब. पण प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज आपल्याच विदर्भातले. जन्म १८८१ सालचा. तान्हेपणीच दृष्टी गेली. तरी १९१५ साली देह ठेवीपर्यंत, अवघ्या चौतीस वर्षांत, त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. स्वतःस ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत.

हे घडले कसे? कोणी वाचून दाखवी, महाराज चित्त देऊन ऐकत. महाराज सांगत, कोणी लिहून घेई.

आपण त्यांना हात जोडतो, आणि गावचा आंधळा गाणारा मात्र पारावर एकटाच बसतो! अहो, देवाने आपल्याला डोळे दिले ते कशाला? रोज त्याच्याजवळ बसून ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचू या, त्याने रचलेले उतरून घेऊ या. तेवढ्याने आपल्या डोळ्यांचे सार्थक होईल. रामकृष्णहरि!