राज्य गेल्यावरची प्रार्थना

चौलच्या बंदरात अफनासी निकितीन उतरला तेव्हा त्याच्यापाशी विकायला एक घोडा होता, पण ईस्टर कधी येतो हे सांगणारं एकही पुस्तक नव्हतं. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी. व्होल्गा नदीच्या मुखाशी, आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकंही गेली. उधारीवर घेतलेला माल बुडालेला, घरी जाऊन तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून तो पुढे पुढे जात राहिला. बाकू, इराण, होर्मुझ असा फिरत तो घोड्यासह गलबतात चढला आणि सहा आठवड्यांनी आपल्या किनाऱ्याला लागला. साल साधारण 1469. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. निकितीनचा स्मृतिस्तंभ आज रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. अलिबागहून मुरुडकडे जाणारे त्याच्या जवळून जातात आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

निकितीनने प्रवासात टिपणं लिहिली. इतिहासकार त्यांतून बहमनी राज्याची माहिती काढतात. घोड्यांचा व्यापार कसा चाले, सुलतानाची मिरवणूक कशी निघे, चौलची माणसं काय नेसत, सगळं त्यात आहे. या सदरात मला त्याची दुसरीच गोष्ट सांगायची आहे. हा माणूस कट्टर ख्रिस्ती होता आणि इथे त्याच्या धर्माची एकही खूण त्याच्या आसपास नव्हती. चर्च नाही, धर्मगुरू नाही, सोबतीला प्रार्थना म्हणणारं कुणी नाही. बुधवार-शुक्रवारचा उपवास त्याच्या अंगवळणी पडलेला, पण आज बुधवार आहे की गुरुवार हेच कळेना. शेवटी तो खुणांवरून अंदाज बांधू लागला. मुसलमानांच्या बैरामच्या, म्हणजे ईदच्या, नऊ-दहा दिवस आधी आपला ईस्टर येत असावा, असा हिशेब त्याने मांडला. ते रोजे धरत तेव्हा त्यानेही उपास केला. दिवस चुकला असेल तर देव समजून घेईल, या भरवशावर.

चौलहून तो पाली, उमरी करत जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात अडकला. इथला चार महिने रात्रंदिवस कोसळणारा पाऊस आणि चिखल बघून तो चकित झाला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा ख्रिस्ती आहे हे कळल्यावर खान म्हणाला, आमचा धर्म स्वीकार, घोडाही परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणीही देतो. चार दिवसांची मुदत दिली. निकितीन कर्जबाजारी होता. त्याचं सगळं भांडवल तो घोडाच होता. मायदेश हजारो कोस दूर, आणि इथे त्याने काय केलं हे तिकडे कळवणारंही कुणी नव्हतं. तरीही तो बधला नाही. मुदत संपता संपता मुहंमद नावाचा एक खुरासानी अंमलदार आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला. तो दिवस तारणाऱ्या प्रभूच्या सणाचा होता, अशी निकितीनने नोंद केली आहे. ख्रिस्ती माणसाचा धर्म एका मुसलमानाने धोक्यात आणला आणि दुसऱ्या मुसलमानाने वाचवला. धर्माधर्मांतल्या वैराचे सिद्धांत मांडणाऱ्यांना ही नोंद अडचणीची वाटेल.

त्याला पुण्यात्मा ठरवण्याची गरज नाही. तो चिडलाही. हिंदुस्थानात जायचं असेल तर आपला धर्म घरी ठेवून जा, अशा अर्थाचं कडवट वाक्य त्याने रागाने लिहून ठेवलं आहे. बीदरला मात्र त्याने वेगळा रस्ता धरला. मुसलमानी नावाने वावरणाऱ्या निकितीनने तिथल्या हिंदूंना सांगून टाकलं, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं खरं नाव अफनासी. तेव्हापासून त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. जेवण, व्यापार, देवपूजा, घरची माणसं, सगळं उघड केलं. तो त्यांच्याबरोबर श्रीशैलच्या जत्रेलाही गेला. आपण कोण आहोत हे त्याने मोकळेपणी सांगितलं, समोरच्याला बदलायचा प्रयत्न केला नाही, आणि माणसं जवळ आली.

टिपणांच्या शेवटी शेवटी त्याच्या प्रार्थनेत रशियन, अरबी, फारसी, तुर्की असे शब्द मिसळलेले दिसतात. तो अखेर मुसलमान झाला का, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्याने स्वतः लिहून ठेवलंय ते एवढंच, की खरा धर्म कोणता ते देवालाच ठाऊक. सहा वर्षं एकट्याने प्रार्थना करणाऱ्या माणसाचं हे वाक्य आहे. घरी पोचण्याआधीच तो स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या वह्या 1475 मध्ये मॉस्कोला पोचल्या.

पुढच्या शतकात त्याच चौलला ख्रिस्ती धर्म पुन्हा आला आणि निकितीनकडे नव्हतं ते सगळं घेऊन आला. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये इथे ठाणं बांधायला घेतलं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा संन्यासी संघांनी आपापली चर्चं आणि मठ उभे केले. पंचांग होतं, पुस्तकं होती, घंटा होत्या आणि तटावर तोफाही होत्या. 1594 मध्ये समोरच्या कोर्लईच्या डोंगरावरचा निजामशाही किल्ला त्यांनी जिंकला. गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालय बसलं होतं. कुणी चुकीच्या दिवशी चुकीची प्रार्थना करतोय का, हे पाहणारी यंत्रणाच उभी राहिली होती. दिवस चुकला तर देव समजून घेईल, असं म्हणणाऱ्या निकितीनचं त्या न्यायालयापुढे काय झालं असतं?

त्या वैभवाचं आज काय उरलंय ते रेवदंड्यात कुणालाही बघता येतं. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये भिंती उभ्या आहेत, कमानी आहेत, फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा तो सातखणी मनोरा आहे. कोर्लईच्या किल्ल्यावर छप्पर नसलेलं चर्च आहे आणि तटाच्या आत महादेवाचं देऊळही आहे. मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर बुरुजांची नावं बदलली, सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज झाला. दगडावर लिहिलेली नावं अशीच बदलतात. त्याबद्दल मला फार हळहळ वाटत नाही.

खरी गोष्ट डोंगराच्या पायथ्याशी आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पाठोपाठ 1740 च्या तहात पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांना देऊन टाकली. गोव्याच्या आसपासचा मुलूख वाचवायचा तर उत्तरेतली ही ठाणी सोडणं त्यांना भाग होतं. अंमलदार गेले, शिपाई गेले, मठ ओस पडले. ज्यांना जाण्याजोगी दुसरी जागा नव्हती ती माणसं मागे राहिली. इथल्याच मातीतली, इथल्याच खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं आणि त्यांत मिसळलेलं थोडं पोर्तुगीज रक्त. कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लईत त्यांनी वस्ती केली. त्यांचे पूर्वज कोणत्या कारणाने ख्रिस्ती झाले असतील ते असोत. भीती असेल, लोभ असेल, लग्न असेल, खरी ओढही असेल. 1740 नंतर यातलं पहिलं आणि दुसरं कारण संपलं. आता ख्रिस्ती राहून काही मिळणार नव्हतं आणि न राहिल्याबद्दल कुणी शिक्षा करणार नव्हतं. श्रद्धेचा कस इथे लागला.

मराठी राज्यकर्त्यांनाही श्रेय द्यायला हवं. वसईच्या शरणागतीच्या कलमांमध्ये मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तीन चर्चं आणि आपल्या धर्माप्रमाणे वागायची मुभा मान्य केली होती. ज्यांच्या राज्यात देवळं पडली होती त्यांच्याशी लढून जिंकलेल्यांनी ही मुभा दिली. आजकाल इतिहासातले हिशेब चुकते करायची भाषा फार ऐकू येते. चिमाजी अप्पांना तसा हिशेब करायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कारण होतं.

कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांनी भात पिकवलं, भाजीपाला लावला, खाडीपलीकडे रेवदंड्याच्या बाजाराशी व्यवहार ठेवला. घरात ते आपली ‘नॉ लिंग’ बोलत राहिले. जुन्या पोर्तुगीजला मराठीचं वळण लागून झालेली ही बोली, क्रिस्ती नावानेही ओळखली जाणारी. आज तिचे बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर 1996 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ती जगाला कळली. ती टिकली त्यामागे एक कडू कारणही आहे. गावात ख्रिस्ती एकीकडे आणि इतर दुसरीकडे, रोटी-बेटी आपापल्यात. जातीच्या भिंती धर्मांतराने पडल्या नाहीत, फक्त त्यांना नवा रंग लागला. मराठी ख्रिस्ती समाजाने हे कधीतरी स्वतःशी मोठ्याने बोलायला हवं.

चर्च त्यांचं माउंट कार्मेलच्या मातेचं. चर्चच्या पंचांगाप्रमाणे तिचा सण 16 जुलैला, म्हणजे ऐन आवणीच्या दिवसांत, पाऊस धो धो कोसळत असताना. 1964 पर्यंत गावाला पोर्तुगीज बोलणारा धर्मगुरू मिळत राहिला. राज्य जाऊन दोनशे चोवीस वर्षं झाली तरी ही एक दोरी शाबूत होती. मग व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकांच्या भाषेत उपासना करायला मुभा दिली आणि जगभर लॅटिन मिस्सा मागे पडली. कोर्लईत उपासना आली ती मराठीतून, म्हणजे शाळेच्या, बाजाराच्या, शेजाऱ्यांच्या भाषेतून. या लोकांची चुलीजवळची भाषा वेगळीच होती. न्यायाने पाहिलं तर लोकांची भाषा म्हणजे नॉ लिंग. तिच्यात मिस्सा व्हावी असं म्हणायला त्यांना जागा होती. त्यांनी शेजाऱ्याची भाषा वेदीवर येऊ दिली. यात नाइलाज किती आणि नम्रता किती, हे बाहेरून ठरवू नये. पण स्वतःच्या भाषेच्या अभिमानाने रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या राज्यात, मराठीसाठी असं काही सोडणाऱ्यांची नोंद कुणी घेतलेली नाही, हे खटकतं.

ख्रिस्ती शहाणपण म्हणजे काय, याचं उत्तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अगदी व्यवहारी भाषेत दिलेलं आहे. शहाणा असशील तर ते बोलून दाखवू नकोस, सौम्य वागण्यातून दिसू दे, असा त्याचा आशय. आणि पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू ओणवा होऊन गावातल्या बाराजणांचे पाय धुतो. पकडला जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते काम त्या काळी घरच्या गड्याचं होतं. उपासनेचा हा भाग मला नेहमी सगळ्यांत अवघड वाटत आला आहे, कारण तो तिथेच संपत नाही. शुक्रवारी, शनिवारी, सोमवारी कुणाचे पाय धुवायचे, हे ज्याचं त्याने शोधायचं असतं. जो चौलचा किल्लेदार जेत्याच्या दिमाखात हा विधी पाहत असेल, त्याला त्याचा अर्थ लागला असेल का? पायथ्याशी राहिलेल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागला नसणार, त्याचे पाय रोजच चिखलात होते.

याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 मध्ये विनोबा जन्मले. ख्रिस्ती धर्मग्रंथ मनापासून वाचून त्यांनी ‘ख्रिस्त-धर्म-सार’ काढलं. बाप्तिस्मा घेतला नाही, घेण्याची गरजही त्यांना वाटली नाही. त्यांच्या सर्वधर्म नाममालेत येशूच्या पित्याचं नाव आहे. एक चौलला येऊन मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपला उपास धरणारा रशियन ख्रिस्ती आणि एक बायबलचं सार काढणारा गागोद्याचा ब्राह्मण. दोघांनाही दुसऱ्याच्या धर्माची भीती वाटली नाही, कारण स्वतःचा धर्म सांभाळायला त्यांना किल्ल्याची गरज पडली नाही. किल्ल्याच्या आधाराने उभी राहिलेली श्रद्धा मात्र सतत शेजाऱ्याकडे संशयाने बघत राहते. हे ख्रिस्ती लोकांपुरतं खरं नाही. ज्या धर्माच्या हाती सत्ता असेल त्याने हे आधी वाचावं.

खाडीवर पूल झाल्यापासून कोर्लईला पोचणं सोपं झालंय. सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर आणि दीपगृहाजवळ गाड्यांची रांग लागते. येणारे गावात थांबतात, कुणाला तरी गाठून ‘तुम्ही पोर्तुगीज ना? जरा काहीतरी बोलून दाखवा’ म्हणतात आणि मोबाइल समोर धरतात. वर्तमानपत्रं आणि वाहिन्याही तेच करत आल्या आहेत. पावणेतीनशेहून जास्त वर्षं राज्याच्या पाठबळाशिवाय प्रार्थना करत आलेल्या माणसांना आपण एखाद्या जुन्या नाण्यासारखं उलटसुलट करून बघतो. ही माणसं पोर्तुगालची नाहीत, रायगडची आहेत. तुम्ही पुढच्या सुट्टीत तिकडे जाणार असाल आणि रविवार असेल तर किल्ला चढण्याआधी चर्चमध्ये डोकावा. मागच्या बाकावर बसा, प्रार्थना मराठीतच चालू असेल, तुम्हाला समजेल. फोटो काढू नका. आणि परतताना गावातल्या बाईकडून भाजी घेतलीत तर पाच रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करू नका.