विश्रांती कशासाठी?

उत्तर फ्रान्समध्ये आमियाँ शहरापासून आबव्हीलपर्यंत सोम नदीच्या कालव्याकाठची वाट सायकलवरून रमतगमत जायला एक दिवस पुरतो. दोन लॉकांच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या दारांच्या, मधले पाणी सपाट असते, म्हणून काठच्या वाटेलाही चढ नसतो आणि दम लागत नाही. या दिवसातून कमाई होत नाही, काही सिद्धही होत नाही. मग त्याचे मोल कशात आहे?

विश्रांतीने ताजेतवाने होऊन माणूस पुन्हा जोमाने कामाला लागतो, हे नेहमीचे उत्तर. ते अपुरे आहे. त्यात विश्रांती ही कामाचीच चाकर ठरते. ॲरिस्टॉटलने हा क्रम उलटा मांडला. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दहाव्या भागात तो म्हणतो की, माणूस राबतो ते निवांतपणा मिळावा म्हणून. नुसत्या करमणुकीला मात्र तो हा मान देत नाही. जर्मन विचारवंत योझेफ पीपर याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. निवांतपणा ही त्याच्या मते मनाची अवस्था आहे आणि तिचे मूळ उपासनेत आहे. पण ॲरिस्टॉटलच्या नगरातील निवांतपणा गुलामांच्या कष्टांवर उभा होता, ही त्यातली मोठीच उणीव.

ती उणीव बायबल भरून काढते. देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली म्हणून शब्बाथ पाळावा, असे त्यातला ‘निर्गम’ हा ग्रंथ सांगतो. ‘अनुवाद’ या ग्रंथात कारण वेगळे आहे: तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका, म्हणून तुमच्या दासदासींना आणि बैलगाढवांनाही त्या दिवशी विसावा द्या. दोन्हींत हे दुसरे कारण अधिक वजनदार आहे.

कालव्याकाठी ते नीट उमगते. ही वाट फिरायला म्हणून केलेली नव्हतीच. छातीवर पट्टा आवळून, पुढे वाकून, पुरुष आणि बायका, कधी मुलेसुद्धा, मालाने भरलेल्या नावा दोराने ओढत. पुढे घोडे आले, मग काही कालव्यांवर रुळांवरून चालणारी विजेची यंत्रे. जुन्या पुलांच्या दगडी कडांवर त्या दोरांच्या घासण्याने पडलेल्या खाचा कुठे कुठे अजून दिसतात.

या प्रदेशात विश्रांतीचा हक्क सुखासुखी मिळाला नाही. रविवारची सुटी सक्तीची करणारा १८१४ चा कायदा धर्मसत्तेची खूण म्हणून १८८० मध्ये रद्द झाला. त्याबरोबर कामगाराचा आठवड्याचा विसावाही गेला. त्याच वर्षी समाजवादी पॉल लाफार्गने ‘आळसाचा हक्क’ लिहिले. १८९१ च्या १ मे रोजी फुर्मी गावात कामगारांच्या निदर्शनावर सैन्याने केलेल्या गोळीबारात नऊ जण मेले. चिथावणीच्या आरोपाखाली लाफार्ग तुरुंगात गेला आणि तिथे असतानाच लील शहरातून संसदेवर निवडून आला. १० मार्च १९०६ रोजी कुरिएरच्या कोळसा खाणींत झालेल्या स्फोटाने १,०९९ बळी घेतले. खाणकामगारांचे मोठे संप झाले, आणि १३ जुलैला साप्ताहिक सुटीचा कायदा पुन्हा आला. या वेळी त्याला धर्माचा नव्हे, श्रमिकाच्या हक्काचा आधार होता; ‘अनुवाद’मधले कारण मात्र त्यात शाबूत होते.

१९३६ मध्ये दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार जोडपी सायकली घेऊन आयुष्यातल्या पहिल्या सुटीवर निघाली. आज फ्रान्समध्ये ही रजा पाच आठवड्यांची आहे.