दोष ग्रंथीचा की मनुष्याचा?

भरपूर खाऊनही शरीर रोडावते, छाती धडधडते, हात कापतात आणि शांत माणूस क्षुल्लक कारणावरून संतापते. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच बिघडला." मग अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात रक्त तपासल्यावर कळते की, गळ्यातील थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर स्राव करीत आहे. तर त्या संतापाचा दोष कोणाचा?

आम्हांस वाटते, रोगाने उठविलेल्या संतापाबद्दल रोग्यास अपराधी ठरविणे हा अन्याय होय. परंतु निदान झाल्यावर त्याजवरही कर्तव्य येते. कार्बिमाझोलच्या गोळ्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कठोर शब्द निघून गेल्यास क्षमा मागावी. घरच्यांनीही तोवर धीर धरावा. रोगाचे नाव कळले म्हणजे कशावर रागवावे व कोणास सांभाळावे, हे तरी घरास कळते.