दिवेघाटाची वाट



आषाढी झाली की आमच्या नरसीला परतवारी भरते. आषाढ वद्य एकादशीला पंढरीहून परतलेले वारकरी कयाधूच्या काठी नामदेवरायांच्या मूळगावी येतात, येथे माथा टेकतात, आणि मगच आपली वारी पुरी झाली असे मानतात. (कोणी कोणी चुकून नांदेड जिल्ह्यातल्या दुसऱ्या नरसीच्या फाट्यावर उतरतात आणि तेथे नामदेवरायांचे देऊळ विचारीत हिंडतात. तेही उशिरा का होईना, पोचतात.) अशाच एका परतवारीला माझे कीर्तन आटोपले, वीणा खाली ठेवली, आणि एक म्हातारी माउली नातवाला घेऊन पुढे आली. पायांवर डोके ठेवायला वाकली, तर गुडघा वाकेना. नातवाने दंडाला धरून सावरली.

नातू म्हणाला, "महाराज, तुमचं ऐकती ही. तुमीच सांगा हिला."

मुलगा पुण्याकडे कारखान्यात नोकरीला. आजी दरसाल आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालणारी. यंदा दिवेघाटाच्या दिवशी मुलाने एक दिवसाची रजा काढली आणि तेवढा एक टप्पा तो आजीबरोबर चालला. घाटात आजीचा गुडघा धरला. तेव्हा त्याने मनाशी ठरविले की पुढल्या साली आजीला स्वतःच्या गाडीत बसवायचे आणि सोलापूर रस्त्याने थेट पंढरपुरी न्यायचे. रस्ता रुंद, चार-पाच तासांचा प्रवास, दर्शन करून दुसऱ्या दिवशी परत. आजी ऐकेना. तिचे एकच म्हणणे, "मी घाटानंच जाणार."

माझ्या तोंडी उत्तर तयार होते. लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी कठोपनिषद घोकून घेतलेले. यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय अशा दोन वाटा सांगितल्या. झाले! सपाट हमरस्ता हा प्रेयाचा, चढणीचा घाट हा श्रेयाचा. बाळा, आजीचेच खरे. असे बोलून मी मोकळा होणार, तेवढ्यात तो पोरगा म्हणाला,

"आन् महाराज, त्याच घाटात नामदेवरायांच्या दिंडीत मशीन घुसलं होतं. देवाच्या मानसाला देवानं वाचवलं न्हाई. मह्या आजीला कोण वाचवल?"

सज्जनहो, माझी जीभ टाळ्याला चिकटली.

गोष्ट खरी आहे. १९ नोव्हेंबर २०१९. कार्तिकी करून नामदेवरायांची पालखी पंढरपुराहून आळंदीला माउलींच्या समाधिसोहळ्यास निघाली होती. दिवेघाटात माती उकरणारे यंत्र मागून दिंडीत शिरले. नामदेवरायांच्या वंशातले सोपानमहाराज नामदास गेले, एक तरुण वारकरी गेला, कित्येक जखमी झाले. आषाढीला पालखी चढते तेव्हा घाट वाहनांना बंद असतो. त्या दिवशी तशी सोय नव्हती. ज्या नरसीत मी बसलो होतो, तिच्याच नामदेवांच्या दिंडीवर हे ओढवले होते. आता कोणत्या तोंडाने म्हणू, की घाट तो श्रेयाचा आणि तेथे देव राखतो?

तेव्हा ते उत्तर मी गिळले आणि म्हटले, बाळा, खाली बस, आपण पहिल्यापासून विचार करू. जो विचार तेव्हा तुटक-तुटक केला, तोच येथे जरा नीट मांडतो.

पहिली गोष्ट ही, की सपाट रस्ता हलका आणि घाट थोर, असे वारकऱ्याला म्हणताच येत नाही. पुण्याहून निघाल्यावर हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. माउलींची पालखी उजवीकडे सासवडच्या रस्त्याला लागते, उरुळी देवाची, वडकी करीत दिवेघाट चढते. तुकोबारायांची पालखी सरळ सोलापूरच्या हमरस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी जाते. पुढे तुकोबांनाही रोटीचा घाट आहे, पण दिवेघाटापुढे तो लहान. आता सांगा, तुकोबा प्रेयाच्या वाटेने गेले? असे म्हणणाराची जीभ झडेल! तपोनिधी नारायणमहाराजांनी सुरू केलेल्या सोहळ्यात दोघांच्या पादुका एकत्रच चालत. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा मांडला, आणि एकाच गावाला जाणाऱ्या दोन वाटा झाल्या. दोन्ही वाखरीला पोचतात. रस्त्याच्या चढ-उतारावरून पुण्य मोजू लागलो, तर निम्मी वारी खोटी ठरेल.

दुसरी गोष्ट मला बोलायला जरा जड जाते. घाटही आता प्रेय झाला आहे. आषाढाच्या तोंडी पाऊस पडलेला, डोंगर हिरवेगार, खाली मस्तानी तलाव, वळणावळणांवर पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका, तुळशीवृंदावने डोक्यावर घेतलेल्या बाया. असे दृश्य त्रिभुवनात नाही, हे मीही म्हणेन. ते पाहायला पुण्याहून हजारो लोक येतात, कड्यावर उभे राहून मोबाईलवर चित्रे काढतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांना नावे ठेवीत नाही. सृष्टी पाहून डोळे निवणे हेही देवाचेच देणे आहे, आणि माउलींएवढी सृष्टी डोळे भरून पाहिलेला दुसरा कोण आहे? परंतु केवळ देखणा म्हणून डोंगराचा रस्ता धरणे, आणि केवळ लवकर पोचतो म्हणून हमरस्ता धरणे, ह्यांत मला फारसा भेद दिसत नाही. दोहोंत मन आपल्याच सोयीभोवती फिरते.

मग माउली घाट का चढतात? मी तर असे समजतो, की वर सासवड आहे म्हणून! कऱ्हेच्या काठी सोपानकाकांची समाधी आहे. थोरला भाऊ पंढरीला निघाला आणि धाकट्याच्या दारावरून गेला नाही, असे कसे होईल? पालखी सासवडला मुक्काम करते, आणि माउली तेथे असतानाच, ज्येष्ठ वद्य द्वादशीला, सोपानकाकांची पालखीही पंढरीला निघते. आणि ऐका, ही भेट कोणी सांगितली? आपल्या नामदेवरायांनी. शके १२१८च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, मार्गशीर्षात सोपानदेवांनी सासवडला. नामदेवराय दोन्ही ठिकाणी हजर होते असे आपली परंपरा मानते, आणि तो सगळा प्रसंग त्यांच्या समाधीच्या अभंगांत आला आहे. एका मित्राला निरोप देऊन डोळे कोरडे झाले नाहीत तोच दुसऱ्याला निरोप द्यायला ते सासवडला गेले. ते काही डोंगराची शोभा पाहायला गेले नव्हते. तेथे आपला माणूस होता.

नामदेवरायांच्या आयुष्यात असा आडवाटेचा प्रसंग आणखी एक आहे, आणि तो तर आमच्या पंचक्रोशीतला. देव ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, देव ज्यांच्याशी बोलतो, त्या नामदेवांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणे मारून पाहिले आणि म्हणाले, हे मडके कच्चे. नामदेव रुसून पांडुरंगाकडे गेले. पांडुरंगाने काय करावे? महाद्वारात बसवून ज्ञान सांगितले असते, तर त्याला कोण अडविणार होता? पण त्याने नामदेवांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. औंढा म्हणजे डोंगरांच्या कुशीतले गाव, येथून जवळच. तेथे एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला! पुढली कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मला तीत नेहमी एवढेच खुपते आणि आवडतेही, की प्रत्यक्ष देव हाताशी असताना देवानेच नामदेवांना एका माणसाच्या हाती दिले.

येथवर आलो तेव्हा पोरगा गप्प होता, पण पटलेला दिसत नव्हता. मी त्याला विचारले, "घाटात माउलींचा रथ पाहिलास?"

"पाहिला की."

"बैल किती होते?"

तो हसला. "मोजले न्हाईत. लई होते."

तेच तर! माउलींच्या रथाला मानाची एक खिल्लारी जोडी असते. सपाटीवर ती पुरते. वडकीच्या पुढे चढ लागला की आसपासचे शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन उभे असतात. त्या जादा जोड्या पुढे जुंपतात, मग रथ घाट चढतो. पेरणीच्या दिवसांत घरचा बैल दुसऱ्याच्या रथाला देणे म्हणजे काय, ते कुणब्याला विचारा. बहुधा तो दिवस एकादशीचा, पुण्याहून तीसएक किलोमीटर मजल, साऱ्या वाटेत मोठी, पोटात फराळ जेमतेम. त्या दिवशी विणेकऱ्याची पिशवी टाळकरी घेतो, टाळकऱ्याची पोरसवदा माणूस घेतो, अनोळखी बाईच्या डोक्यावरचे वृंदावन दुसरी अनोळखी बाई घेते. प्रत्यक्ष माउलींनाच त्या घाटात उसने बैल लागतात, तेथे तुमचा-आमचा काय पाड?

"पण मशीनचं काय?" पोरगा मुद्दा सोडीना, आणि त्याने सोडू नये.

मी त्याला सरळ सांगितले, की देव यंत्राचा ब्रेक धरीत नाही, आणि धरतो असे सांगणारा कीर्तनकार श्रोत्यांना फसवितो. सोपानमहाराज काय भक्तीत कमी होते म्हणून गेले? नव्हे. रस्त्यावर पायी माणसाला जागा नव्हती म्हणून गेले. वारकऱ्याने रुंद रस्त्याला विरोध करू नये असे माझे मत आहे. दोन्ही पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाले आहेत. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, दिवेघाट ते मोहोळ हा २२१ किलोमीटरचा रस्ता त्यात धरला आहे, आणि कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली आहे. ती वाट व्हावी, आणि झाल्यावर तीत गाड्या उभ्या राहू नयेत, एवढे आपण मागावे. आणि आपणही शिस्त सोडू नये. दिंडीने रस्त्याची एक कड धरावी, अंधारात चालू नये, मागे दोन जाणती माणसे पताका घेऊन ठेवावीत. हरिनामात दंग होणे म्हणजे मागचा भोंगा न ऐकणे नव्हे.

इतके सगळे झाले आणि मग माझ्या ध्यानात आले, की दोघे पुरुष मघापासून बोलत आहोत, आजीला कोणी विचारलेच नाही. मी म्हटले, "माय, गुडघा असा, वय असे. सासवडापर्यंत गाडीने जा, सोपानकाकांपुढे माउलींना गाठ. तुम्हांला घाटच कामून पायजे?"

म्हातारीने नातवाकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. पदराच्या टोकाची गाठ सोडीत-बांधीत म्हणाली,

"महाराज, ह्याचा बाप गेला तवा हा चार वर्साचा. म्याच वाढवला. आता पुण्याला ऱ्हातो. घरी आला तर फोनात बघतो, गाडीत बसला तर रस्त्याकडं बघतो. यंदा घाटात मह्या गुडघ्यानं दगा दिला, तवा ह्यानं मव्हा हात धरला. वरलोक सोडला न्हाई. बोलत व्हता सारा रस्ता. लहानपनचं सारं आठवत व्हता. सपाटीला लागलो, अन् म्हनला, आता चल आजी तुझी तू."

मंडपात कोणी बोलेना. मृदंगाला गवसणी घालणारा मुलगाही थांबला.

नातवाची मान खाली गेली होती. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरीत राहिला. मग हळूच विचारले, "महाराज, पुढल्या साली घाटाची एकादशी कोन्त्या वारी येती? रजा आधी मागावी लागती."

मी पिशवीतून पंचांग काढले, पाने उलटली. पुढल्या ज्येष्ठाचे पंचांग अजून छापून यायचे होते.