निवाऱ्यात किती माणसं धरायची?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहरावर ३ मे १९९९ आणि २० मे २०१३ या दिवशी महाभयंकर टोर्नेडो कोसळले. दुसऱ्या खेपेस २४ माणसं गेली. त्यांतली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली होती आणि त्या शाळेत निवाराच नव्हता. अशा मुलखात गॅरेजच्या फरशीखाली पोलादी निवारा बसवून घेण्याला भित्रेपणा कोण म्हणेल? सामानही ठरलेलं असतं: माणशी दिवसाला पावणेचार लिटर पाणी, बॅटरीचा रेडिओ, विजेरी, शिट्टी, जाड तळाचे बूट, औषधं. दारावर ढिगारा पडला तर ते रेटायला एखादा जॅकही.

तरी श्रद्धाळू मन अडखळतं. उद्याची चिंता करू नका, असं येशूनं सांगितलं. रानात इस्राएली लोकांनी सकाळसाठी राखून ठेवलेल्या मान्नात, म्हणजे देवानं रोज पुरवलेल्या अन्नात, किडे पडले. मग साठा करणं म्हणजे देवावर अविश्वास का? तसं नसावं. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रामदिनाच्या, आदल्या दिवशी तोच मान्ना दुप्पट वेचायची आज्ञा होती आणि तेव्हा तो नासला नाही. योसेफानं सुकाळात भरलेल्या कोठारांवर तर मिसर देश जगला.

साठा कोणासाठी, हा खरा प्रश्न. मॉर्मन पंथाच्या स्त्रियांनी १८७६पासून गहू साठवायला सुरुवात केली. १९०६च्या भूकंपानंतर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला पीठ धाडलं.

याच्या अगदी उलट वाद १९६१मध्ये पेटला. अणुयुद्धाच्या धास्तीनं काही अमेरिकी घरांत निवारे बांधले जात होते. शेजारी जबरदस्तीनं आत घुसू लागला तर त्याला बळानं रोखण्याचा हक्क घरमालकाला आहे, असं एल. सी. मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूंनी ‘अमेरिका’ साप्ताहिकात मांडलं. वॉशिंग्टनचे एपिस्कोपल बिशप अँगस डन यांनी अशा वृत्तीचा निषेध केला.

मॅकह्यूंचा युक्तिवाद निदान टोर्नेडोला तरी लागू पडत नाही. किरणोत्सारी धुळीपासून वाचायला दोन आठवडे आत काढावे लागले असते आणि पाण्याचा प्रत्येक घोट मोजावा लागला असता. टोर्नेडो घरावरून काही मिनिटांत निघून जातो. घरगुती निवाऱ्याचं मानक माणशी तीन चौरस फूट जागा पुरेशी मानतं. म्हणजे शेजारणीला आणि तिच्या लेकरांना आत घ्यायला थोडं अंग चोरलं की झालं. साठवलेलं पाणी खरं लागतं ते वादळानंतर, नळ बंद पडल्यावर, आणि तेव्हा तहान शेजारच्या घरालाही तेवढीच असते.

तेव्हा बाटल्या भरतानाच शेजारचं घर हिशेबात धरावं आणि तसं त्यांना वसंतातल्या टोर्नेडोंच्या मोसमाआधीच सांगून ठेवावं. सायरन वाजल्यावर हाताशी बरेचदा दहा-पंधरा मिनिटंच उरतात. निवाऱ्याची जागा अग्निशमन दलाकडे नोंदवतानाही आत घरच्यांपेक्षा जास्त माणसं असू शकतील, हे कळवायला हवं.